‘रिसेट मारू का?’ असे विचारले जाते तेव्हा

प्रश्न : मी दृष्टिहीन असून सांगलीतील एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. माझ्याकडे ३२ सेलचा ब्रेल नोटटेकर आहे, म्हणजे ब्रेलमध्ये टिपणे लिहिण्याचे आणि वर येणाऱ्या टिंबांच्या ओळीतून किंवा आवाजातून ती वाचण्याचे छोटे यंत्र. सेल म्हणजे त्या ओळीतली एका ब्रेल अक्षराची जागा. गेल्या आठवड्यात तो सुरू करायला गेले, तर आवाज येईना आणि ब्रेलची ओळही सपाटच राहिली. भाच्याने तो मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात नेला, तेव्हा दुकानदाराने ‘रिसेट मारू का?’ असे विचारले. चार वर्षांची टिपणे त्यात असल्याने मी नकार दिला. रिसेट केल्यावर सगळे पुसले जाते का? डावीकडच्या तीन-चार सेलमधली काही टिंबे तर महिनाभर आधीपासूनच वर येत नाहीत. घरी हळदीचा व्यापार आहे, हेही सांगून ठेवते.
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपण नकार दिलात हे योग्यच झाले. ‘रिसेट’ या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिलीत यंत्र केवळ बंद होऊन नव्याने सुरू होते आणि साठवलेल्या फायली जागेवर राहतात. दुसरीत ते कारखान्यातून आले तसे कोरे होते. दुकानदाराला यांतली कोणती करायची होती, हे त्याच्या प्रश्नावरून कळत नाही. शिवाय अनेक नोटटेकरांना पडदाच नसल्यामुळे आपण कोणती कळ दाबली आणि त्याचे काय झाले, हे डोळस माणसालाही दिसत नाही. अशा वेळी ब्रेल वाचणारे बोटच अधिक जाणकार असते.

मात्र रिसेटच्या आधी यंत्र खरोखरच बंद पडले आहे का, हे पाहावे. बॅटरी पूर्ण उतरली असेल, तर चार्जर लावल्यावरही पहिली काही मिनिटे यंत्र मुळीच दाद देत नाही. म्हणून यंत्रासोबत आलेल्या चार्जरवर ते तासभर तरी शांतपणे ठेवावे. संगणकाच्या साध्या यूएसबी खाचेतून बहुधा अर्धा अँपिअरच वीज मिळते, त्यामुळे तिथे जोडून दहा मिनिटांत निष्कर्ष काढू नये. बॅटरी संपल्याने टिपणे गेली असतील, अशी भीतीही नको. फार जुन्या काही यंत्रांत तसे घडत असे, पण आताची यंत्रे फायली फ्लॅश स्मृतीत ठेवतात आणि ती विजेवाचूनही टिकते.

एवढ्यानंतर यंत्र जागे होऊनही काहीच कळत नसेल, तर हेडफोनची पिन अडकून राहिली आहे का, कळा कुलूपबंद करणारी खटकी सरकली आहे का आणि आवाज शून्यावर गेला आहे का, हे तपासावे. आणखी एका शक्यतेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. यंत्र भाच्याच्या मोबाईलला किंवा संगणकाला ब्रेल पडदा म्हणून, म्हणजे त्यांच्यावरचा मजकूर ब्रेलमध्ये दाखवण्यासाठी, जोडलेले राहिले असेल, तर ते स्वतःचा मेनू न दाखवता समोरच्या उपकरणाची वाट पाहत बसते आणि आपल्याला ते बंद पडल्यासारखे वाटते.

हे सर्व करूनही उपयोग झाला नाही, तर पहिल्या प्रकारचा, म्हणजे साधा रिसेट करण्यास हरकत नाही. त्यात जतन न केलेला मजकूर तेवढा जातो. काही यंत्रांत त्यासाठी बारीक छिद्रातली कळ टाचणीने दाबावी लागते, तर काहींत ठरावीक कळा एकत्र दाबून धराव्या लागतात. या कळा प्रत्येक कंपनीच्या, किंबहुना प्रत्येक मॉडेलच्या वेगळ्या असल्यामुळे आपल्याच मॉडेलची पुस्तिका पाहावी. मित्राच्या यंत्रावर जी जुळणी साधा रिसेट करते, तीच आपल्या यंत्रावर सर्व पुसण्याचा मेनू उघडू शकते. छिद्राच्या बाबतीतही सावध असावे, कारण मायक्रोफोनचे छिद्र बोटाला अगदी तसेच लागते आणि त्यात टाचणी घातली तर नवेच दुखणे उभे राहते. रिसेटनंतर यंत्र पूर्ण सुरू होईपर्यंत काही मिनिटे थांबावे आणि मध्येच पुन्हा कळा दाबू नयेत.

यंत्र सुरू झाले की त्याच दिवशी सर्व फायली पेनड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डावर उतरवून घ्याव्यात. मी स्वतः एकदा केवळ दस्तऐवजांचा फोल्डर उतरवला आणि निर्धास्तपणे यंत्र कोरे केले, तेव्हा फोन नंबरांची वही आणि वर्षभराच्या नोंदी गेल्या, कारण त्या दस्तऐवजांच्या फोल्डरमध्ये नव्हत्याच. त्यांच्यासाठी मेनूत बॅकअपची वेगळी सोय असते. आपले यंत्र अँड्रॉइडवर चालणारे असेल, तर कोरे केल्यावर ते आधीच्याच गूगल खात्याची मागणी करू शकते. तेव्हा पासवर्ड आधीच पडताळून ठेवावा आणि वापरलेले यंत्र विकत घेताना जुन्या मालकाकडून खाते काढून घ्यावे.

आता टिंबांविषयी. नेमकी तीच टिंबे, मजकूर कोणताही असला तरी, दबलेलीच राहत असतील, तर तो दोष यांत्रिक आहे आणि कोणत्याही रिसेटने जाणार नाही. खात्रीसाठी सहाही टिंबांचे चिन्ह ओळभर लिहून बोट फिरवावे, म्हणजे उणीव कुठे आहे ते लगेच कळते. सेलच्या तळाशी असलेले जादा सातवे-आठवे टिंब एखाद्याच जागी उचललेले लागले, तर तो बहुधा कर्सर, म्हणजे लिहिण्याची जागा दाखवणारी खूण, असतो, बिघाड नव्हे. प्रत्येक टिंबाखाली विजेच्या दाबाने वाकणारी एक पिझो पट्टी असते. ३२ सेलमध्ये प्रत्येकी आठ, म्हणजे २५६ पिना इतक्या बारीक छिद्रांतून वरखाली होत असतात. हळदीची पूड, त्यात बोटांचा घाम आणि तेलकटपणा मिसळला, की पिनेभोवती लुकण धरते. मार्केट यार्डातून किंवा घरच्या गोदामातून आल्यावर हात साबणाने धुऊन कोरडे करावेत आणि यंत्र मऊ, कोरड्या कुंचल्याने हलकेच झाडावे. स्पिरिट, तेल किंवा फवारा पिनांवर मारू नये आणि झाकण घरी उघडू नये. पट्ट्यांना सुमारे २०० व्होल्टचा दाब द्यावा लागतो, पट्ट्याही ठिसूळ असतात, त्यामुळे हे काम अधिकृत दुरुस्तीकाराकडेच द्यावे. एकेक सेल बदलता येतो, परंतु तो महाग असल्यामुळे खर्चाचा अंदाज लेखी मागावा.

प्रश्न : पावसात पिशवी भिजली आणि नोटटेकरमध्ये पाणी गेले. तांदळात ठेवावा का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तांदळाचा फारसा उपयोग होत नाही, उलट त्याची पूड पिनांत शिरते. यंत्र लगेच बंद करावे, चार्जर मुळीच लावू नये, बॅटरी सहज निघत असेल तर काढावी आणि पिना खाली येतील असे उलटे करून पंख्याच्या वाऱ्यात दोन दिवस ठेवावे. हेअर ड्रायर वापरू नये. साताऱ्याच्या पावसाळी हवेत आणखी एखादा दिवस थांबणे बरे. मागची बाजू फुगलेली हाताला जाणवली, तर बॅटरी बिघडली आहे असे समजावे आणि यंत्र सुरू करून पाहण्याचा मोह न धरता थेट दुरुस्तीला द्यावे.