तीन विद्यापीठे, एक पीएच.डी.

प्रश्न : एम.एस्सी.नंतर मला प्रथिनांच्या रचनेवर संशोधन करायचे आहे. इंग्लंडमधील लीड्स, शेफील्ड व यॉर्क या विद्यापीठांच्या ‘व्हाइट रोझ’ या पीएच.डी.च्या संयुक्त प्रशिक्षणाचा वेगळा लाभ काय?

उत्तर : प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी शोधायची, तर आधी त्याचा स्फटिक लागतो. तो स्फटिकच तयार झाला नाही, तर क्ष-किरणांचे तंत्र कितीही उत्तम येत असले तरी संशोधन तिथेच अडते, अशा वेळी क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन (गोठवलेल्या नमुन्याची इलेक्ट्रॉनांच्या साहाय्याने प्रतिमा घेणे) किंवा एनएमआर (चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रांच्या प्रतिसादावरून रचना ओळखणे) यांकडे वळावे लागते. या तिन्ही तंत्रांची महागडी उपकरणे आणि मुरलेले मार्गदर्शक एकाच विभागात मिळणे कठीण असते. संयुक्त प्रशिक्षणाचा लाभ इथेच आहे : एका विद्यापीठाची उणीव दुसरे भरून काढते. यॉर्कला स्फटिकशास्त्राची जुनी परंपरा आहे, तर लीड्सचे ॲस्टबरी केंद्र क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनासाठी ओळखले जाते. चार वर्षांच्या या प्रशिक्षणात 3 महिने प्रत्यक्ष संशोधनाबाहेरील कामाचा अनुभवही घ्यावा लागे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. अर्ज करण्यापूर्वी परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे शिष्यवृत्तीचे नियम मात्र अवश्य तपासा.