खेळाच्या तासाला कपडे बदलायचे की नाही?

सातवीतली तुमची मुलगी सगळ्यांसमोर कपडे बदलायला लाजते आणि म्हणून खेळाच्या तासालाच दांडी मारते. मग ही सक्ती हवीच कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी बावीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. कपडे बदलावेत असंच मी सांगेन, पण आडोसा असेल तरच. आणि बदलले नाहीत म्हणून गुण कापणं मला साफ नामंजूर आहे.

बदलायचे का, तर वयात येताना काखेतल्या आणि जांघेतल्या वेगळ्या घामग्रंथी काम करू लागतात. त्यांच्या घामावर त्वचेवरचे जिवाणू पोसतात, वास येतो तो त्यातून. म्हणून तिसरीतलं पोर घामाघूम होऊन तसंच वर्गात बसलं तरी फारसं बिघडत नाही. लहान वर्गांना मी कधी कपडे बदलायला लावलेच नाहीत. आठवीपर्यंत मात्र चित्र पालटतं. सुती शर्ट घाम पितो आणि लवकर वाळत नाही. तो अंगाला चिकटलेला असताना पुढचे तीन-चार तास बाकावर काढायचे म्हणजे घामोळं, जांघेत खाज, कधी नायटा.

बुटांबाबत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. गुळगुळीत तळाच्या बुटांनी पळणारं मूल वळताना घसरतंच. शर्ट एक वेळ राहू द्या, बूट बदला.

आता लाजेचं. माझ्या वर्गात एक मुलगी होती, कायम सगळ्यांत शेवटी बाहेर यायची. मी दाराशी उभी राहून “आटपा लवकर” म्हणून ओरडायचे. एकदा आत डोकावले, तर ती भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात शर्टाच्या आत ओढून, आतल्या आत टी-शर्ट चढवत होती. बाहीत कोपर अडकलेलं, कान लाल झालेले. त्यानंतर ओरडणं बंद केलं. कोपऱ्यात दोरी बांधून पडदा लावला आणि घरूनच आत टी-शर्ट घालून यायला सगळ्यांना मुभा दिली. पाळीच्या दिवसांत तर या मुभेचं मोल फार.

५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते दमवणारी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खेळाचा एक तास बुडण्यापेक्षा घामट शर्ट परवडला.

तुम्ही शिक्षकांना एकट्यांना गाठून बोला, मुलीला पुढे करू नका. आतून कडी लागणारी एखादी खोली मिळेल का, एवढंच विचारा. ती मिळेपर्यंत गणवेशाच्या आत टी-शर्ट, आणि दप्तरात एक कोरडी बनियन व छोटा टॉवेल. खेळ झाला की शौचालयात जाऊन दोन मिनिटांत ओलं उतरवता येतं. ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवू नका, कापडी पिशवी द्या, आणि घरी आल्या आल्या ती रिकामी करायला लावा.