लेसरने चुंबकीय क्षेत्र कसे मोजतात?

प्रश्न : मेंदूतील विद्युतप्रवाहांमुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र लेसर आणि धातूची वाफ यांच्या साहाय्याने मोजतात, असे वाचनात आले. लेसरला ते क्षेत्र कळते कसे? पृथ्वीच्या चुंबकत्वात ते बुडून जात नाही का?

उत्तर : ते क्षेत्र लेसरला कळत नाही; ते कळते रुबिडियम या धातूच्या अणूंना, आणि लेसर त्या अणूंची स्थिती तेवढी वाचतो. काचेच्या लहानशा बंद कुपीत किंचित रुबिडियम ठेवून ती तापवली की आत त्याचे बाष्प भरते. त्यातून 795 नॅनोमीटर तरंगलांबीचा, वर्तुळाकार ध्रुवीकरण केलेला (ज्याच्या विद्युतक्षेत्राची दिशा गोल फिरत राहते असा) प्रकाश सोडला की एरवी वाटेल तसे विखुरलेले अणूंचे स्पिन (प्रत्येक अणू जणू इवलासा चुंबक असतो, त्याची दिशा) एका दिशेला वळतात, आणि वळलेले अणू तो प्रकाश फारसा शोषत नसल्यामुळे कुपी अधिक पारदर्शक होते. (या ‘ऑप्टिकल पंपिंग’शी निगडित संशोधनासाठी आल्फ्रेड कास्तलेर यांना 1966 चे नोबेल मिळाले.) आता आडव्या दिशेने क्षीण क्षेत्र आले, तरी स्पिन भोवऱ्याच्या अक्षासारखे घुमत मूळ दिशेपासून ढळतात, शोषण वाढते आणि पलीकडे पोहोचणारा प्रकाश मंदावतो. मोजायचा असतो तो हाच फरक.

आपली दुसरी शंका अगदी रास्त आहे. मेंदूचे क्षेत्र 100 फेम्टोटेस्लाच्या आसपास (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक), तर पृथ्वीचे आपल्याकडे सुमारे 40 मायक्रोटेस्ला, म्हणजे त्याच्या चाळीस कोटी पट असते. त्यामुळे म्यू-मेटल या निकेल-लोह मिश्रधातूच्या थरांनी वेढलेल्या खोलीत मोजमाप करतात आणि उरलेसुरले क्षेत्र तारेच्या वेटोळ्यांतून प्रवाह सोडून खोडून काढतात. (विजेवरच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला हलवावी लागली होती, तेथे तर पृथ्वीचेच क्षेत्र मोजायचे होते.)

क्षेत्र शून्याजवळ आणण्याचा आणखी एक लाभ होतो. एरवी अणूंच्या परस्पर टकरींमुळे त्यांची लय बिघडते. पण कुपी सुमारे 150 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून बाष्प दाट केले, तर शून्यवत क्षेत्रात त्या टकरी स्पिनच्या घुमण्यापेक्षा कितीतरी जलद होतात आणि सारे अणू एकत्रच घुमू लागतात. टकरी वाढवल्याने अचूकता वाढावी, हे विलक्षणच! याच युक्तीने प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी 2003 मध्ये एका फेम्टोटेस्लाहूनही सूक्ष्म संवेदनशीलता गाठली.

पूर्वापार वापरातील ‘स्क्विड’ या अतिवाहक संवेदकांना उणे 269 अंशांचे द्रवरूप हेलियम लागते, म्हणून ते डोक्यापासून काही सेंटिमीटर दूर, अवजड टाकीत असतात. बाष्पाची कुपी मात्र उष्णतारोधक आवरण घालून टाळूपासून काही मिलिमीटरवर ठेवता येते. नॉटिंगहॅम विद्यापीठात 2018 मध्ये असे संवेदक शिरस्त्राणात बसवून, माणूस डोके हलवत असतानाही मेंदूची नोंद घेतली गेली. चुंबकीय कवच असलेल्या खोलीची गरज मात्र तेथेही होतीच.