अरबी माणसाला मराठीत ‘वकील’ म्हणावं का?

सीरियाचे माजी पंतप्रधान फारिस अल-खूरी (१८७७-१९६२) यांच्यावर लेख लिहायला घेतलेल्या एकाने विचारलं आहे: ‘ते शिक्षक होते, वकील होते आणि मग राजकारणात गेले. पण अरबीत वकील शब्दाचा अर्थ निराळा आहे म्हणे. शिवाय तिकडे वकील आणि शिक्षक दोघांनाही उस्ताज म्हणतात. मग मराठीत उस्ताद लिहू का?’

उस्ताद नको, वकील खुशाल लिहा.

अरबीत कोर्टात उभा राहतो तो ‘मुहामी’. रक्षण करणे या अर्थाच्या धातूपासून तो आला. हिंदी-उर्दूतलं ‘हिमायत’ त्याच मुळाचं. अरबी ‘वकील’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम पाहायला नेमलेला, मुखत्यार. काही अरब देशांत मंत्रालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पदनामातही हा शब्द असतो. पण हा अर्थ आपल्याला परका कुठे आहे? पेशव्यांचे वकील दरबारोदरबारी राहायचे ते काही खटले चालवायला नव्हे. महादजी शिंद्यांनी १७८४मध्ये बादशहाकडून पेशव्यांसाठी ‘वकील-इ-मुतलक’ (सर्वाधिकारी मुखत्यार) हे पद मिळवलं, तेही याच अर्थाचं. इंग्रजी अमदानीत शब्द कोर्टाला चिकटला. ‘वकीलपत्र’ मात्र अजून जुना अर्थ धरून आहे.

गंमत अशी की खूरींना दोन्ही अर्थ लागू पडतात. दमास्कसमध्ये त्यांनी वकिली केली, तिथल्या कायद्याच्या विद्यालयात शिकवलं. १९४५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची सनद ठरली तेव्हा सीरियाचं शिष्टमंडळ त्यांच्याच नेतृत्वाखाली होतं. ऑगस्ट १९४७मध्ये ते सुरक्षा परिषदेचे अध्यक्ष होते. इंडोनेशियातला लढा थांबवण्याचा ठराव १ ऑगस्टला झाला तो त्यांच्याच अध्यक्षतेखाली, आणि तो प्रश्न परिषदेपुढे नेणाऱ्यांत भारत होता. पेशवाईतल्या कारकुनाने त्यांना ‘सीरियाचे वकील’ असंच लिहिलं असतं.

आता ‘उस्ताज’. शब्द मुळात फारसीकडून अरबीत गेलेला. तिकडे प्राध्यापक, वकील, पत्रकार, सगळ्यांना आदराने लावतात. मराठीत तोच ‘उस्ताद’ गाण्याच्या मैफलीत बसला आणि ‘वस्ताद’ होऊन तालमीत उतरला. लहुजी वस्ताद साळवे आठवा. शिवाय ‘भलताच वस्ताद आहे’ हेही आलंच. म्हणून ‘उस्ताद फारिस अल-खूरी’ वाचल्यावर मराठी माणूस सारंगी शोधेल! संदर्भ बघून ‘प्राध्यापक’ किंवा ‘वकीलसाहेब’ करा.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. ब्रिटिश वकिलातीत (बघा, इथेही वकील!) ते काही वर्षं दुभाषी होते. त्या पदाला युरोपीय लोक ‘ड्रॅगोमन’ म्हणत. त्याचं मूळ अरबी ‘तर्जुमान’, म्हणजे आपल्या ‘तर्जुमा’चं भावंड. तेव्हा ‘दुभाषी’ पुरेसा आहे. आणि लेखात दमास्कसच्या अरबी अकादमीला जागा द्याच. १९१९मध्ये ती स्थापन झाली, संस्थापक सदस्यांत खूरी होते. चार शतकं उस्मानी तुर्कांचा अंमल होता, त्यामुळे कचेरीची भाषा तुर्की. तिला अरबी प्रतिशब्द देणं हे अकादमीचं सुरुवातीचं काम. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांबाबत जे केलं, त्याच जातीचं. एखाद्या वकिलाच्या चरित्रात असं प्रकरण क्वचितच सापडतं. ते दोन ओळींत उरकू नका.

नावाबद्दल: ‘खूरी’ म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू. पण हे आडनाव आहे, त्यामुळे ते स्वतः पाद्री होते असं कुठे सुचवू नका. ते प्रोटेस्टंट ख्रिस्ती होते आणि मुस्लिमबहुल सीरियाचे दोनदा पंतप्रधान झाले. ‘फारिस बे’ असा उल्लेख आला तर ‘बे’ ठेवा, तो उस्मानी काळातला मानाचा किताब आहे. मात्र पुढे पुन्हा ‘साहेब’ जोडू नका. पहिल्यांदा ‘अल-खूरी’, नंतर नुसतं ‘खूरी’ चालेल. ‘अलखूरी’ असं जोडून लिहू नका, वाचताना अडखळायला होतं.