एसडीबी उद्या एसडीसी झाली तर?

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. लिनक्सचा कोर्स केलाय, कमांड पाठ आहेत. एका मुलाखतीत विचारलं, “एफएस-टॅबमध्ये डिस्कचं नाव सोडून यूयूआयडी का लिहितात?” (एफएस-टॅब म्हणजे मशिन सुरू होताना कोणती डिस्क कुठल्या फोल्डरला जोडायची, म्हणजे माउंट करायची, याची यादी असलेली फाइल.) मी म्हटलं, “तशी पद्धत आहे.” मुलाखत तिथेच आटोपली. क्लाउडच्या जमान्यात हे माउंट वगैरे शिकण्यात अर्थ आहे का? की सरळ क्लाउडचं सर्टिफिकेट घेऊ?

उत्तर : मी काही वर्षं सर्व्हर सांभाळलेत, नंतर मुलाखतीही घेतल्यात. हा प्रश्न विचारणाऱ्याला व्याख्या नको असते. समोरच्याचा हात कधी पोळलाय का, हे तो चाचपत असतो.

माझा पोळलाय. एका सर्व्हरला जादा डिस्क लावून रीस्टार्ट केला. बॅकअपची डिस्क एफएस-टॅबमध्ये ‘एसडीबी१’, म्हणजे दुसऱ्या डिस्कचा पहिला भाग (पार्टिशन), म्हणून लिहिलेली. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ही नावं डिस्क सापडतील त्या क्रमाने वाटतो, आणि त्या दिवशी नवी डिस्क आधी सापडली. तिच्यावर आधीपासून एक पार्टिशन होतं, तेच बॅकअपच्या जागी बिनबोभाट माउंट झालं. एररचा पत्ता नाही. आठवड्याने जुनी फाइल काढायला गेलो तर फोल्डरमध्ये फक्त आठवडाभराचा माल! खरी डिस्क एसडीसी होऊन शाबूत बसली होती, पण ते कळेपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

यूयूआयडी म्हणजे फाइलसिस्टम (डिस्कवर फाइली ठेवायची मांडणी) तयार होताना तिच्यातच लिहिला जाणारा १२८ बिटांचा क्रमांक. केबल बदला, पोर्ट बदला, तो तोच राहतो. मेख अशी, की तो डिस्कचा नसून फाइलसिस्टमचा असतो. पुन्हा फॉरमॅट केलं की नवा. डीडी या कमांडने हुबेहूब नक्कल काढली की दोन्हीकडे एकच, आणि एक्सएफएस या प्रकारची फाइलसिस्टम अशी जुळी दिसली की दुसरी माउंट करायला चक्क नकार देते. एवढं बोलला असतास तर मुलाखत नक्की पुढे सरकली असती.

क्लाउडचं म्हणशील, तर तिथेही सर्व्हर बहुधा लिनक्सचेच. ॲमेझॉनच्या क्लाउडवर एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या डिस्कची नावं रीस्टार्टनंतर बदलू शकतात, म्हणून त्यांच्याच मार्गदर्शिकेत यूयूआयडी वापरायला सांगितलंय. सर्टिफिकेट जरूर घे, पण आधी आरएचसीएसए, म्हणजे रेड हॅट कंपनीची लिनक्सची परीक्षा, बघ. त्या परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात, चालू मशिनवर काम करून दाखवायचं असतं. बूट होताना यूयूआयडी किंवा लेबलने माउंट करणं अभ्यासक्रमातच आहे, आणि रीस्टार्टनंतर टिकलं नाही तर केलेलं पाण्यात.

तोवर व्हर्च्युअल मशिनला दोन जादा डिस्क जोड. ‘एलएसबीएलके -एफ’ने यूयूआयडी बघ, एफएस-टॅबची प्रत काढून ठेव, ओळ लिही, ‘माउंट -ए’ने तपास. मग मुद्दाम यूयूआयडीचं एक अक्षर चुकव आणि रीस्टार्ट कर. साधारण दीड मिनिट ते मशिन त्या डिस्कची वाट बघेल आणि इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरतं चालू होऊन, बसेल. त्यातून स्वतः बाहेर पड. तिथे एफएस-टॅब रीड-ओन्ली दिसली तर रूट, म्हणजे मुख्य फाइलसिस्टम, लिहिता येईल अशी ‘रिमाउंट’ करावी लागते. (हे मला रात्री दोन वाजता कळलं होतं.)

नंतर त्याच चुकीच्या ओळीत ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी अडू नको, असं सांगणारा पर्याय) घाल. आता मशिन सुरू होईल, पण डिस्क नसताना रिकाम्या फोल्डरमध्ये फाइली टाकून बघ. त्या रूटच्या डिस्कवर जातील. खऱ्या सर्व्हरवर याच वाटेने रूट गच्च भरतं आणि बाकीच्या सेवा कोसळतात. ‘नोफेल’ कुठे घालायचा आणि कुठे मुळीच नाही, यावर तुझं स्वतःचं मत तयार झालं की पुढच्या मुलाखतीचे अर्ज टाक. रेझ्युमेतली ती कमांडची यादी मात्र काढ. त्या जागी मशिन कसं बंद पाडलं आणि कसं उठवलं, हे चार ओळींत लिही.