वहिनी वाकडला गेल्या आणि टेकडी सुटली

प्रिय ताई,
माझं वय ५१. पुण्यात सहकारनगरला राहते, विमा कंपनीत नोकरी करते. शेजारच्या सोसायटीतल्या वहिनी आणि मी चार वर्षं रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर फिरायला जायचो. गेल्या वर्षी त्यांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि त्या लेकीजवळ वाकडला भाड्याने राहायला गेल्या. तेव्हापासून माझं फिरणं बंदच पडलं. मग जिमची वर्षाची फी भरली, दोन महिने गेले. मुलाने पावलं मोजणारं घड्याळ आणून दिलं, ते हल्ली चार्जरलाच असतं. आता रिपोर्टमध्ये साखर काठावर आली आहे. मिस्टर म्हणतात, तू नुसती आरंभशूर. मलाही तसंच वाटायला लागलंय. रोज व्यायाम करायची इच्छा टिकवायची तरी कशी?
– एक वाचक, सहकारनगर

प्रिय मैत्रीण,

आधी त्या आरंभशूरपणाचा निकाल लावू. चार वर्षं पहाटे उठून, नोकरी आणि डबे सांभाळून टेकडी चढणाऱ्या बाईला आरंभशूर म्हणायला मिस्टरांकडे पुरावा काय, तर जिमची पावती. फारच कच्चा पुरावा आहे.

आता तुमचा प्रश्न. इच्छा टिकवायची कशी, असं तुम्ही विचारता. पण त्या चार वर्षांत तरी रोज इच्छा होत होती का? डिसेंबरात पावणेसहाला पांघरुणातून पाय बाहेर काढायची? मला नाही वाटत. खाली गेटपाशी वहिनी कानाला स्कार्फ गुंडाळून उभ्या असणार आणि त्यांना ताटकळत ठेवायला तुम्हाला लाज वाटत असणार, म्हणून तुम्ही उठत होतात. मग चढावर सुनेचं, पाणीकपातीचं, ऑफिसातल्या साहेबांचं सगळं बोलून होत असणार. व्यायाम त्या गप्पांच्या आडून होऊन जायचा. यात कमीपणा काही नाही. पुष्कळ लोकांचा व्यायाम असाच कुणाच्या तरी जिवावर चालतो, फक्त ते कबूल करत नाहीत.

म्हणून जिम टिकली नाही. तिथे तुमची वाट बघणारं कोणी नव्हतं. घड्याळ तर बिचारं रात्री आठ वाजता थरथरून सांगतं की आज पावलं कमी पडली. त्याला काय माहीत की तेव्हा तुम्ही पोळ्या लाटताय. फी गेली ती गेली असं धरा. ‘निदान पैसे वसूल करायला तरी जावं’ असं मनाशी म्हणत राहिलात तर जाणं होणार नाही आणि रोज रुखरुख मात्र लागेल.

तेव्हा इच्छेच्या मागे लागू नका, सोबत शोधा. वहिनींसारखी सोबत लगेच मिळणार नाही, हे आधीच सांगते. पण चार वर्षं एकाच वेळी एकाच टेकडीवर गेलेल्या बाईला तिथले निम्मे लोक चेहऱ्याने ओळखत असतात. टोपीवाले आजोबा, मोर दिसला की मोबाईल काढणारं जोडपं, टाळ्या वाजवत चालणाऱ्या चौघीजणी. त्या चौघींपैकी एकीला ‘मी येऊ का तुमच्याबरोबर?’ असं विचारायला आपल्याकडे उगाच संकोच वाटतो. पुण्यात तर जास्तच. विचारा. फार तर काय, थोडं जोरात चालावं लागेल. आणि एकदा तुमचा नंबर त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, की ‘आज का नाही आलात?’ हा मेसेज जे काम करेल ते कुठल्याही घड्याळाच्या आवाक्याबाहेरचं आहे.

शिवाय वहिनी वाकडला गेल्यात, परदेशी नाही. आठवड्यातले दोन दिवस ठरवा: सव्वासहाला फोन, कानात इयरफोन, त्या त्यांच्या सोसायटीच्या आवारात चालतील आणि तुम्ही तुमच्या रस्त्यावर. फक्त टेकडीच्या खडबडीत वाटेवर फोन नको. महिन्यातून एखाद्या रविवारी त्यांनाच इकडे बोलवा. मुहूर्त बघू नका, तारीख ठरवून टाका.

राहिले खाडे. इथे मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण बहुतेकींचा व्यायाम खाड्यापेक्षा खाड्याच्या अपराधी भावनेने मोडतो. आपलं वर्षच बघा. जानेवारीत संकल्प. मार्चमध्ये तुमच्या ऑफिसात वर्षअखेर. मे महिन्यात पाहुणे. जून लागला की टेकडीची वाट निसरडी. गणपतीत रात्री देखावे बघून सकाळी डोळे उघडत नाहीत, आणि दिवाळीचं तर बोलायलाच नको. यातून एकही दिवस न चुकवता जो व्यायाम करतो त्याला माझा नमस्कार, पण सल्ला मी त्याच्यासाठी लिहीत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना एकेक नवी सवय लावायला सांगितलं होतं. २०१० साली तो अभ्यास छापून आला. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस पुरतील, तर कुणाला २५४ लागतील असा त्यांचा हिशोब निघाला. मधला आकडा ६६. ते २१ दिवसांचं जे सगळीकडे ऐकू येतं ते विसरा. आणि तुमच्या कामाची गोष्ट अशी, की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे सोमवारचा खाडा झाला तर मंगळवारी जायचं. ‘आता पुढच्या एक तारखेपासून’ हे म्हणायचं नाही.

अडल्या दिवसासाठी घरातला एक छोटा प्रकार ठरवून ठेवा. स्वयंपाकघरातली खुर्ची भिंतीला टेकवा. हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. मग भिंतीला तळवे लावून दहा जोर. कुकरच्या तीन शिट्ट्यांत होऊन जातं. याला व्यायाम म्हणायचं का, असं मिस्टर विचारतील. म्हणायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी शिफारस केली त्यात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल इतपत हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगितला आहे. आणि सलग दहा मिनिटं झाली तरच मोजायची ही आधीची अट काढून टाकली आहे. १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा तास. तुमच्या टेकडीत ती सहज बसत होती, स्नायूंचा भाग मात्र तेव्हाही राहतच होता. तो खुर्चीवर भागवा.

मिस्टरांशी वाद घालू नका, त्यांना कामाला लावा. सकाळचं दूध तापवणं आणि स्वतःचा चहा, एवढी दोन कामं त्यांच्याकडे द्या. तुमच्या पत्रात ओझरतंही आलेलं नाही, पण पावणेसहा ते सात हा वेळ पूर्वी तुमचा होता आणि गेल्या वर्षभरात तो हळूहळू घराने परत घेतला असणार. घर असंच करतं. तो वेळ मागून घ्यावा लागेल, आणि एक-दोनदा दूध उतू जाईल, जाऊ दे.

साखर काठावर आहे म्हणता, म्हणजे बहुधा तीन महिन्यांची सरासरी (रिपोर्टमधलं HbA1c) ५.७ ते ६.४ टक्क्यांच्या मध्ये आली असेल. घाबरून जाण्यासारखं नाही, पण टाळण्यासारखंही नाही. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं पार्किंगमध्ये चाललात तर स्नायू ती साखर वापरतात आणि ती एकदम उसळत नाही. इथे मिस्टरांना सोबत न्या, आरंभ त्यांनाही करू द्या. टेकडी पुन्हा सुरू करण्याआधी डॉक्टरांना एकदा दाखवून या. वर्षाचा खंड पडलाय, त्यामुळे पहिले दोन आठवडे निम्म्या वाटेवरूनच परत फिरा. उतरताना गुडघ्यांवर चढण्यापेक्षा जास्त भार येतो, तेव्हा उतार सावकाश. छातीत दुखलं किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली तर तिथेच थांबायचं, आणि गप्पा कितीही रंगल्या असल्या तरी सांगायचं.

वहिनींना फोन आज संध्याकाळीच करा. 

– तुमची ताई