मिरचीतलं अफलाटॉक्सिन ओळखणारं ‘प्लास्टिकचं प्रतिपिंड’ खरंच असतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: नंदुरबारच्या पथारीवरून (मिरची वाळत घालतात त्या मोकळ्या जागेवरून) लाल मिरची उचलताना तिच्यात अफलाटॉक्सिन आहे की नाही हे जागेवर सांगणारा पॉलिमरचा (प्लास्टिकसारख्या, लांब साखळ्यांच्या पदार्थाचा) सेन्सर असू शकतो का, की ‘कृत्रिम प्रतिपिंड’ ही नुसती जाहिरात आहे? यातलं विज्ञान खरं आहे. मात्र मिरचीच्या बाबतीत अडचण सेन्सरच्या आधीच सुरू होते. मी धुळ्यात रसायनशास्त्र शिकवतो आणि हा विषय माझ्या जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ओली मिरची पथारीवर पसरलेली असताना अवकाळी पाऊस झाला, की ॲस्परजिलस फ्लेव्हस जातीच्या बुरशीला हवं ते सगळं मिळतं. तिचं विष म्हणजे अफलाटॉक्सिन. त्यातलं बी-1 यकृताच्या कर्करोगाला कारण ठरतं हे सिद्ध झालेलं आहे. युरोपात सुक्या मिरचीत बी-1 ची मर्यादा किलोमागे 5 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे हजार टन मालात 5 ग्रॅम! एवढ्या गर्दीतून नेमका तोच रेणू हुडकायचा, तर ओळख पक्कीच हवी. शरीरात हे काम प्रतिपिंडं (अँटीबॉडी, म्हणजे परका रेणू ओळखून पकडणारी प्रथिनं) करतात, आणि प्रयोगशाळेतले बरेचसे किटही प्रतिपिंडांवरच चालतात.

पॉलिमरला ही ओळख कशी शिकवतात, त्यामागचा इतिहास मला फार आवडतो. 1940 मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पाउलिंग यांनी मांडलं, की परका रेणू साच्यासारखा मधे असतो आणि प्रतिपिंड त्याच्याभोवती घडी घालून आकार घेतं. शरीराच्या बाबतीत हे चुकीचं निघालं. तिथे तऱ्हेतऱ्हेची प्रतिपिंडं आधीच तयार असतात आणि जुळणारं निवडलं जातं. पण पाउलिंग यांचेच विद्यार्थी फ्रँक डिकी यांनी 1949 मध्ये मिथिल ऑरेंज या रंगाच्या सान्निध्यात सिलिका जेल बनवलं, रंग धुऊन काढला, आणि ते जेल नंतर तोच रंग जास्त ओढून घेऊ लागलं. जी कल्पना रक्तात खोटी ठरली, ती काचपात्रात खरी ठरली. पुढे 1972 मध्ये जर्मनीत गुंटर वुल्फ यांनी हे सेंद्रिय पॉलिमरमध्ये करून दाखवलं. स्वीडनमधल्या लुंडच्या क्लाउस मोसबाख यांच्या गटाने 1993 मध्ये थिओफिलिन आणि डायझेपाम ही औषधं रक्तद्रवात मोजली, तीही प्रतिपिंडाऐवजी असा ठसा घेतलेला पॉलिमर वापरून.

कृती अशी. हवा तो रेणू द्रावकात घ्यायचा. त्याच्याशी हायड्रोजन बंध जोडणारं मेथाक्रिलिक आम्ल टाकायचं. मग साखळ्या एकमेकींत घट्ट विणणारा घटक भरपूर घालून उष्णतेने किंवा अतिनील प्रकाशाने सगळं घट्ट करायचं. शेवटी मिथेनॉल आणि ॲसिटिक आम्लाने धुऊन मूळ रेणू बाहेर काढायचा. ओल्या मातीत दाबलेली आंब्याची कोय माती सुकल्यावर काढावी, तशी पोकळी मागे राहते. फरक इतकाच की इथे आकारासोबत बंध जोडणारे गटही आपापल्या जागी बसलेले असतात, आणि खरी ओळख त्यांच्यामुळेच पटते.

अफलाटॉक्सिनसाठी ठसा घेताना बऱ्याचदा अफलाटॉक्सिन वापरतच नाहीत. एक तर ते विषारी आणि महाग. दुसरं म्हणजे कितीही धुतलं तरी थोडे रेणू आत अडकून राहतात आणि नंतर पाझरतात, मग स्वच्छ मिरचीही दोषी दिसते. म्हणून 5,7-डायमिथॉक्सीकुमारिन हा त्याच्यासारखाच दिसणारा साधा रेणू साचा म्हणून वापरतात.

आपल्याकडे याचा मोठा फायदा उष्णतेत आहे. प्रतिपिंडांचे कितीतरी किट 2 ते 8 अंशांत ठेवावे लागतात. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेल्यावर, भारनियमनात, गोदामात ते टिकवणार कसे? प्रथिनाची घडी एकदा उलगडली की ते किट गेलं. असा पॉलिमर मात्र तो उन्हाळा कपाटात सहज काढतो, आणि धुऊन पुन्हा वापरताही येतो.

आता ‘सापडला’ हे कळायचं कसं? कंप पावणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकावर पॉलिमरचा थर दिला, तर पकडलेल्या वजनाने त्याची कंप्रता घटते. पण 5 मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर 1 हर्ट्झचा फरक पडायला चौरस सेंटिमीटरवर सुमारे 17.7 नॅनोग्रॅम साचावे लागतात, आणि अफलाटॉक्सिनचा रेणू लहान, रेणुभार 312, म्हणजे वजनाचा फरक जेमतेमच पडतो. त्यामुळे मला दुसरी वाट बरी वाटते. अफलाटॉक्सिन अतिनील प्रकाशात स्वतःच निळं चमकतं, तेव्हा पॉलिमरने पकडायचं आणि चमक मोजायची. (नुसती यूव्ही टॉर्च मिरचीवर मारून निकाल लावू नका, चमकणारे पदार्थ इतरही असतात.)

आता अडचणी. हायड्रोजन बंध पाण्यात ढिले पडतात, त्यामुळे टोल्युइन किंवा क्लोरोफॉर्ममध्ये बनवलेला ठसा पाणी मिसळलेल्या अर्कात तेवढा चोख चालत नाही. सगळ्या पोकळ्या सारख्या नसतात, काही घट्ट पकडतात, काही सैल. आणि मिरचीचा अर्क म्हणजे तेल आणि लाल रंगद्रव्यांचा लगदा. ती पृष्ठभागाला चिकटतात आणि प्रकाशही शोषतात. शुद्ध द्रावणातला सुंदर आलेख इथे येऊन कोसळतो. त्यात विष ढिगात सारखं पसरलेलं नसतं. चार मिरच्यांत भरपूर, बाकी पोतं स्वच्छ, असंही होतं. वरच्या मूठभर मिरच्या घेऊन केलेली तपासणी कितीही भारी यंत्राने केली तरी फसवी. वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून-खालून-मधून नमुने काढा, सगळे एकत्र दळा आणि त्या पुडीतला भाग तपासा.

म्हणून माझं मत असं, की मिरचीसाठी या पॉलिमरचा आज सर्वांत भरवशाचा उपयोग सेन्सर म्हणून नाही, तर गाळणी म्हणून आहे. छोट्या नळीत तो भरायचा, अर्क त्यातून सोडायचा, रंग-तेल धुऊन जाऊ द्यायचं आणि पकडलेलं विष वेगळं काढून प्रयोगशाळेच्या एचपीएलसी यंत्रावर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या) मोजायचं. अशा तयार नळ्या बाजारात मिळतात.

तरीही कुणी पथारीवर सेन्सर विकायला आला, तर त्याला दोन गोष्टी दाखवायला सांगा. ठसा न घेतलेल्या तशाच पॉलिमरवर तोच अर्क टाकला तर किती संकेत येतो, ही पहिली. दोन्हींत फरक नसेल तर तो ओळखत नाही, नुसता चिकटवून घेतो. दुसरी, आकडे मिरचीच्या अर्कातले आहेत की शुद्ध द्रावणातले. शुद्ध द्रावणातले असतील तर भाऊ, पैसे खर्च करू नका, तेवढ्यात चांगला नमुना काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा.